विद्युत क्रॉसओव्हरचे रूपानुमान

विजेवर चालणारी क्रॉसओव्हर (मोटारीसारखा सांगाडा पण उंच बांधा असलेली) मोटार विक्रीस येण्यापूर्वी, हाती असलेल्या पुराव्यांवरून तिचे बाह्यरूप, मापे, बॅटरी व सोयी यांविषयी केलेले अनुमान. कंपनीने प्रदर्शित केलेली संकल्पना मोटार (कॉन्सेप्ट कार), रस्त्यावर दिसलेल्या झाकलेल्या चाचणी गाड्या, नोंदणीकृत डिझाइने आणि त्याच प्लॅटफॉर्मवरील (अनेक गाड्यांना सामाईक असलेल्या तळाच्या रचनेवरील) आधीच्या गाड्या ही त्याची मुख्य साधने होत.

क्रॉसओव्हर या प्रकाराच्या आरंभाविषयी एकमत नाही. फ्रान्समधील मात्रा रँचो (१९७७), अमेरिकेतील एएमसी ईगल (१९८० चे मॉडेल-वर्ष) आणि जपानमधील टोयोटा राव-४ (१९९४) या तिन्ही गाड्यांना आद्यत्वाचा मान दिला जातो. रँचोला चारही चाकांचे चालन नव्हते आणि ईगल ही प्रचलित मोटारच उंच करून घडवलेली होती. मोटारीसारखा एकसंध सांगाडा व उंच बांधा यांचा मेळ मुळापासून योजलेली राव-४ हीच पहिली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. विद्युत गाडीत बॅटरी तळाशी सपाट मांडावी लागत असल्याने गाडीचा आतला तळ वर येतो आणि उंच बांध्यात ती वाढ खपून जाते. हा प्रकार विद्युत गाड्यांत बोकाळण्याचे ते एक कारण आहे.

चाचणी गाड्यांवरील काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीच्या आवरणाची परंपरा पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश जहाजांच्या ‘डॅझल’ रंगकामापर्यंत नेली जाते. त्या रंगकामाचे जनकत्वही वादग्रस्त होते. प्राणिशास्त्रज्ञ जॉन ग्रेअम कर यांनी १९१४ मध्येच जहाजांच्या वेषांतराची सूचना तत्कालीन नौदलमंत्री चर्चिल यांच्याकडे पाठवली होती, तर चित्रकार नॉर्मन विल्किन्सन यांची योजना १९१७ मध्ये स्वीकारली गेली. युद्धानंतरच्या चौकशीने कौल विल्किन्सन यांच्या बाजूने दिला. कर यांचा भर जहाज नजरेआड करण्यावर अधिक होता, विल्किन्सन यांचा मात्र पाहणाऱ्याचा वेग व दिशेचा अंदाज चुकवण्यावर. मोटारीचे आवरणही गाडी लपवत नाही, तिच्या पत्र्यावरील कडा व उठाव यांविषयी नजरेची फसगत करते. म्हणून साम्य शोधायचेच तर ते विल्किन्सन यांच्या पद्धतीशी आहे. थेट वारसा मानणे मात्र धाडसाचे ठरेल.

आवरणाला न झाकता येणारी बाब म्हणजे व्हीलबेस, अर्थात पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर. टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यांवरून त्याचा व्यास काढता येतो. उदाहरणार्थ, २४५/५५ आर १९ (रुंदी २४५ मिमी., कडेची उंची तिच्या ५५ टक्के, आतील रिम १९ इंच) या टायरचा व्यास सुमारे ७५२ मिमी. भरतो आणि कडेने घेतलेल्या छायाचित्रात दोन चाकांच्या मध्यांतील अंतर त्याच्या ३.६९ पट आढळल्यास व्हीलबेस सुमारे २,७७५ मिमी. येतो. छायाचित्र थोडे तिरके असेल, तर चाकाची उंची न मोजता आडवी रुंदी मोजावी, कारण तिरकेपणाने व्हीलबेस व ती रुंदी साधारण एकाच प्रमाणात आखडतात; हौशी अंदाजकर्ते बहुधा येथेच फसतात. जवळचे चाक मोठे दिसत असल्याने दोन्ही चाकांची सरासरी घेणे इष्ट. व्हीलबेस कळला की बॅटरीला तळाशी किती लांब जागा मिळेल, याची कमाल मर्यादा कळते.

महिंद्र कंपनीने १५ ऑगस्ट २०२२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्डशर येथे पाच विद्युत संकल्पना दाखवल्या. त्यांतील बीई.०५ ची घोषित लांबी ४,३७० मिमी. व व्हीलबेस २,७७५ मिमी. होता. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी चेन्नईत सादर झालेल्या आणि पुण्याजवळील चाकण येथे बनणाऱ्या प्रत्यक्ष गाडीची लांबी ४,३७१ मिमी. असून व्हीलबेस तोच राहिला. महिंद्रच्या इंग्लो या विद्युत प्लॅटफॉर्मसाठी सांगितलेली ६० ते ८० किलोवॉट-तासांची बॅटरीक्षमतेची मर्यादाही ५९ व ७९ किलोवॉट-तासांच्या बॅटऱ्यांनी जवळजवळ तंतोतंत पाळली. मारुती सुझुकीने जानेवारी २०२३ मध्ये दाखवलेल्या ईव्हीएक्सची लांबी ४,३०० मिमी. होती, नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलान येथे सादर झालेली ई-विटारा ४,२७५ मिमी. लांबीची निघाली. संकल्पनेची मापे गांभीर्याने घ्यावीत, असे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

नोंदणीकृत डिझाइनांच्या चित्रांत आवरण नसते, म्हणून ती अधिक विश्वसनीय होत. भारतात ही नोंदणी डिझाइन अधिनियम, २००० नुसार होते. युरोपीय संघात मात्र अर्जदाराला प्रसिद्धी ३० महिन्यांपर्यंत लांबवता येते. चीनमध्ये उद्योग मंत्रालयाच्या मान्यतासूचीत विक्रीपूर्वीच छायाचित्रे व मापे प्रसिद्ध होतात, त्यामुळे तेथील गाड्यांबाबत तर्काला फारसा वावच उरत नाही.

काळ व नाव यांविषयीची भाकिते त्या मानाने दुबळी ठरतात. महिंद्रच्या २०२२ मधील वेळापत्रकात त्या पाच संकल्पनांपैकीच एक्सयूव्ही.ई८ पहिली, डिसेंबर २०२४ मध्ये यायची होती आणि बीई.०५ ऑक्टोबर २०२५ मध्ये, प्रत्यक्षात बीई.०५ वर आधारलेली गाडीच आधी लोकांसमोर आली. तीही ‘बीई ६ई’ या नावाने सादर झाली, परंतु इंडिगो विमानसेवा चालवणाऱ्या कंपनीने ‘६ई’ या आपल्या चिन्हावरून दिल्ली उच्च न्यायालयात दावा केल्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये ती ‘बीई ६’ झाली.