गरीब घर आणि असुरक्षित घर: संकटात फरक कुठे पडतो

आर्थिक संकट आलं की 'गरीब' आणि 'असुरक्षित' हे शब्द एका दमात घेतले जातात. हिशेब मात्र दोन्हींचा वेगळा. घरखर्च आज दारिद्र्यरेषेखाली असेल तर ते घर गरीब. तो उद्या रेषेखाली असण्याची शक्यता मोठी असेल तर घर असुरक्षित, मग आज ते रेषेच्या वर का असेना.

रेषा 100 धरा. पहिल्या घरात ठरावीक निवृत्तिवेतन येतं, खर्च 95, म्हणजे गरीब. दुसऱ्यात कमावणारा एकच, तोही रोजंदारीवर: मिळकत 150, कर्जाचा हप्ता 20, खर्चाला 130. गरिबांच्या यादीत हे घर सापडणार नाही. मंदीत मिळकत 30 टक्के घटून 105 झाली, पण हप्ता काही घटत नाही. उरले 85. पहिलं घर होतं तिथेच, दुसरं त्याच्याही खाली.

संकट महागाईचं असेल तर फटका उलटा बसतो. पहिल्या घराचा 60 टक्के खर्च खाण्यावर असेल आणि खाणं 25 टक्के महागलं, तर तेवढ्याच सामानाला 15 टक्के जास्त मोजावे लागतात. त्याच्या 95 ची खरी किंमत 83 च्या आत येते.

खरी फसगत पाहणीत होते. दागिने मोडून, उसनवारी करून घर काही महिने खर्च टिकवतं, आणि आकडा सांगतो की गरिबी वाढली नाही. पुढे शिलाई मशीन विकलं जातं. दागिना गेला तर ठेव गेली. मशीन गेलं तर मिळकतच गेली, आणि मंदी सरली तरी ते घर वर येत नाही. म्हणून 'किती खर्च केला' याच्या जोडीला 'काय विकून केला' हे विचारायलाच हवं.

बचतीवरही डोळे झाकून विसंबू नये. अर्जेंटिनात डिसेंबर 2001 मध्ये बँकेतून पैसे काढण्यावर मर्यादा आली. खात्यात रक्कम असूनही ती हाती येईना. जानेवारी 2002 मध्ये पेसोची डॉलरशी बांधलेली किंमत सुटली, आणि त्या ऑक्टोबरपर्यंत शहरी लोकसंख्येपैकी निम्म्याहून अधिक लोक दारिद्र्यरेषेखाली होते.

गरिबी एका पाहणीत मोजता येते. असुरक्षिततेसाठी त्याच घरांत पुन्हा जावं लागतं, किंवा मिळकतीच्या चढउताराचा अंदाज बांधावा लागतो. रेषेखाली जाण्याची शक्यता 50 टक्क्यांहून जास्त असेल तर घर असुरक्षित, असा एक रूढ निकष आहे. उपायही वेगळे: पहिल्या घराला महागाईशी जोडलेली नियमित मदत, दुसऱ्याला हप्त्याला मुदतवाढ आणि मागेल तेव्हा काम. संकटाआधीची यादी घेऊन मदत वाटली, तर दुसरं घर हमखास सुटतं.