ट्रेजनचा स्तंभ: लढाई कमी, खोदकाम जास्त

विजयस्तंभ म्हटलं की डोळ्यासमोर तलवारी, उधळलेले घोडे, खाली पडलेले शत्रू असलंच काहीतरी येतं. रोममधला ट्रेजनचा स्तंभ पण विजयाचाच, सम्राट ट्रेजनने डेशिया म्हणजे साधारण आजचा रोमानिया जिंकला त्याचा, युद्धं दोन झाली, १०१-१०२ आणि १०५-१०६, आणि स्तंभ पुरा झाला इ.स. ११३ मध्ये. पण त्याचे फोटो झूम करून बघत बसा, थोड्या वेळाने लक्षात येतं की अरे हे सैनिक लढतायत कुठे, हे तर कामाला जुंपलेत. झाडं तोडतायत, टोपल्या भरभरून माती उपसतायत, तटबंदी रचतायत. मध्येच सम्राट भाषण देतोय नाहीतर देवाला बळी चढवतोय. प्रत्यक्ष लढाई पाव हिश्शाच्या आसपासच असेल.

आधी हा उभा कसा केलाय ते बघू, कारण ते पण कमालच आहे. चौथऱ्यासकट उंची जवळपास ३८ मीटर, आणि सगळा कॅरारा भागातला पांढरा संगमरवर, म्हणजे पुढे मायकेलअँजेलो जिथून दगड आणायचा तिथलाच. एकावर एक रचलेले गोल ठोकळे, एकेकाचं वजन ३० टनांच्या वर. बरं हे ठोकळे भरीव नाहीत, आतून १८५ पायऱ्यांचा चक्री जिना वर जातो, आणि तो मागाहून बसवलेला नाही, दगडातच कोरलाय! म्हणजे एका ठोकळ्यातली शेवटची पायरी आणि वरच्यातली पहिली पायरी जुळलीच पाहिजे, नाहीतर संपलं. उजेडासाठी बारीक फटींसारख्या चाळीसेक खिडक्या आहेत, त्यातल्या काही बाहेरच्या कोरीवकामात मध्येच घुसतात.

बाहेरून जो शिल्पपट गुंडाळलाय तो २३ वेढ्यांचा, उलगडून आडवा टाकला तर २०० मीटरच्या जवळपास भरेल, आणि त्यात अडीच हजारांवर माणसं. सुरुवात डॅन्यूब नदीपासून, नदी म्हणजे चक्क दाढीवाला म्हातारा देव, तो पाण्यातून अर्धा वर आलाय आणि त्याच्या पुढून रोमन सैन्य होड्यांच्या पुलावरून पलीकडे चाललंय. साधारण मध्यावर विजयदेवी ढालीवर काहीतरी लिहित उभी आहे, तिथे पहिलं युद्ध संपतं आणि दुसरं सुरू. आता हे सगळं खालून उभं राहून कोणाला दिसणार? वरचे वेढे तर अजिबातच नाही. त्या काळी बाजूला दोन ग्रंथालयं होती, एक ग्रीक एक लॅटिन, तिथल्या वरच्या मजल्यावरून थोडं बरं दिसत असेल, पण तरी टोकाचं कठीणच. मला विचाराल तर हे वाचण्यासाठी नव्हतंच, ‘बघा केवढं केलंय’ एवढं कळलं की काम झालं.

आता गंमत कोण काय करतंय यात आहे. रोमन फौजेत दोन प्रकारचे लोक, लीजनमधले म्हणजे रोमन नागरिक, आणि साहाय्यक तुकड्यांमधले म्हणजे बहुतेक जिंकलेल्या प्रदेशांतून भरती केलेले. शिल्पात बांधकाम मुख्यतः लीजनवाले करतात आणि समोरासमोर कापाकापी जास्त करून साहाय्यकवाले. एक तर असा आहे की दोन्ही हात लढण्यात अडकलेत म्हणून शत्रूचं कापलेलं मुंडकं त्याने केसांनी दातात धरलंय. दुसऱ्या एका जागी जखमी सैनिकाच्या मांडीला पट्टी बांधणं चाललंय. पण मेलेला रोमन शोधून सापडत नाही, मेलेले सगळे डेशियन. रस्ते, पूल, शिस्त आमची, मरण तुमचं, असा एकूण हिशोब.

हे किती एकतर्फी आहे ते रोमानियातल्या अ‍ॅडमक्लिसीला कळतं. तिथे याच युद्धांचं, ट्रेजनच्याच नावाचं १०९ सालचं स्मारक आहे (आज उभं दिसतं ते १९७७ मध्ये पुन्हा बांधलेलं, मूळ शिल्पं म्युझियममध्ये). रोमच्या मानाने कोरीवकाम ओबडधोबड, पण तिथल्या शत्रूच्या हातात दोन्ही हातांनी चालवायचं कोयत्यासारखं वाकडं लांब पातं आहे आणि रोमन सैनिकांनी उजव्या हातावर धातूच्या पट्ट्यांचं चिलखत चढवलंय. रोमच्या स्तंभावर तसं चिलखत दिसत नाही. ज्यांनी ते पातं अंगावर येताना पाहिलं होतं त्यांच्या जवळचं काम हे, असं वाटतं, म्हणून शस्त्रांचा अभ्यास करणारे लोक शिल्पकलेत उजव्या असलेल्या रोमपेक्षा अ‍ॅडमक्लिसीवर जास्त विसंबतात.

स्तंभाच्या जवळजवळ टोकाला डेशियाचा राजा डेसेबालस आहे. झाडापाशी गुडघ्यावर बसलाय, वाकडा सुरा गळ्याला लावलाय, आणि घोडेस्वार हात लांबवून त्याच्यापर्यंत पोचतायत, पण उशीर झालाय. १९६५ मध्ये ग्रीसमध्ये फिलिपीजवळ एक थडग्याचा दगड सापडला, टायबेरियस क्लॉडियस मॅक्झिमस नावाच्या घोडेस्वाराचा. त्यावर हाच प्रसंग कोरलाय आणि खाली लिहिलंय की डेसेबालसला पकडून त्याचं डोकं ट्रेजनकडे नेलं ते मी, आणि त्याबद्दल मला बढती मिळाली. स्तंभावरच्या घोडेस्वारांना नावं नाहीत. याने मात्र आपला दगड जिवंतपणीच स्वतः करून घेतला होता, तसंही त्यावर लिहून ठेवलंय.