शब्बाथ शाळा रविवारी का भरते?

आमच्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मुलांची बायबलची शाळा रविवारी सकाळी भरते आणि तिला 'शब्बाथ शाळा' म्हणतात. शब्बाथ हा खरे तर यहूदी (ज्यू) लोकांचा विसाव्याचा दिवस, आठवड्याचा सातवा, म्हणजे शनिवार. जुन्या पिढीतले पाळक प्रार्थनेतही रविवारला 'पवित्र शब्बाथ' म्हणून जातात. पुण्यातल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीची शब्बाथ शाळा मात्र शनिवारी असते. अलिबाग-पेणकडच्या बेने इस्राएल या यहूदी समाजात तर शनिवार इतका कडक पाळला जाई की तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना गावाने नावच दिले होते, 'शनवार तेली'. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक माणसाला विचाराल तर तो शब्बाथ हा शब्द बहुधा उच्चारणारच नाही. त्याच्या लेखी रविवार हा प्रभूचा दिवस, आणि त्या दिवशी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाणे हे कर्तव्य.

ख्रिस्ती माणसाने विशिष्ट वार पाळावा का, आणि पाळायचा तर कोणता, हा वाद जवळपास चर्चइतकाच जुना आहे. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतून बसले आहेत: उपासनेला जमायचे कधी, आणि काम थांबवायचे कधी. जमण्याचा इतिहास एक आहे, विश्रांतीचा दुसरा. हे दोन धागे सुटे केल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही, असे माझे ठाम मत आहे.

शब्बाथाची आज्ञा जुन्या करारात दोनदा येते. निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात तिचे कारण सृष्टीची उत्पत्ती हे आहे: देवाने सहा दिवस काम केले, सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आज्ञा तीच आहे, पण कारण बदलते. तू मिसर (इजिप्त) देशात दास होतास हे आठव, आणि म्हणून तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव, तुझ्या वेशीच्या आतला परका, सगळ्यांना त्या दिवशी विसावा मिळू दे. बैलाचेही नाव घेणारी ही आज्ञा मला नेहमी थांबवते. येशू परुशांशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाशी, शब्बाथावरून पुन्हापुन्हा वाद घालतो तेव्हा तो याच दुसऱ्या कारणाच्या बाजूने उभा आहे असे मला वाटते. 'शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही' हे मार्काच्या शुभवर्तमानात नोंदलेले त्याचे वाक्य. शनिवारवाले आणि रविवारवाले, दोघेही ते आपापल्या बाजूने वापरतात.

येशू स्वतः शब्बाथ दिवशी सभास्थानात जाई, त्याचे पहिले शिष्यही यहूदीच होते. तरी नव्या करारातच आठवड्याचा पहिला दिवस डोके वर काढू लागतो, कारण पुनरुत्थान त्या दिवशीचे. त्रोवस येथे पहिल्या दिवशी भाकर मोडायला मंडळी जमली, आणि प्रेषित पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत इतके लांबले की खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेने खाली पडला. करिंथच्या मंडळीला पौल सांगतो की दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे. प्रकटीकरणात 'प्रभूचा दिवस' हा शब्द येतो. मात्र त्या दिवशी काम बंद ठेवा, असे यांपैकी एकाही ठिकाणी सांगितलेले नाही. रोमकरांस पत्रात तर पौल वाराचा प्रश्न ज्याच्या त्याच्या मनाच्या खात्रीवर सोडून देतो.

काम बंद नसे, याची बाहेरची साक्षही आहे. सुमारे ११२ साली बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहिले. पकडलेल्या ख्रिस्ती लोकांनी त्याला सांगितले होते की ते एका ठरलेल्या दिवशी पहाटे, उजाडण्यापूर्वी, जमून ख्रिस्ताला स्तोत्र गातात, मग पांगतात आणि नंतर जेवणासाठी पुन्हा एकत्र येतात. उजाडण्यापूर्वी का, तर दिवस उगवला की गुलामाला धन्याच्या दारी आणि कारागिराला कामावर हजर व्हायचे होते, असाच अर्थ मी लावते. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले. गावागावांतून लोक येतात, प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांची वचने वाचली जातात, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, शेवटी अनाथ-विधवांसाठी वर्गणी. आजच्या कुठल्याही चर्चमध्ये बसल्यासारखे वाटावे इतके ते ओळखीचे आहे. रविवारच का, याची त्याने दोन कारणे दिली: देवाने प्रकाश निर्माण केला तो हा दिवस, आणि ख्रिस्त उठला तोही हाच. विश्रांतीबद्दल तिथे अक्षर नाही.

विश्रांती आली ती राजाज्ञेने. मार्च ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने फर्मान काढले की सूर्याच्या आदरणीय दिवशी न्यायाधीशांनी, शहरवासीयांनी आणि कारागिरांनी काम बंद ठेवावे. फर्मानात ख्रिस्ताचे नाव नाही, आहे तो सूर्याचा दिवस. शेतकऱ्याला मात्र सूट होती. पेरणीचा किंवा द्राक्षवेल लावायचा योग्य दिवस नेमका रविवारीच येऊ शकतो, तो हुकला तर गेला, असे कारणही दिले होते. वाफसा कुणासाठी थांबत नाही हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. म्हणजे पहिली सरकारी रविवारची सुटी शहराची होती, गावाची नव्हती.

याच शतकात लाओदिकियाच्या धर्मपरिषदेने आणखी पुढचे पाऊल टाकले. ख्रिस्ती लोकांनी यहूदी लोकांप्रमाणे शब्बाथ दिवशी रिकामे बसू नये, काम करावे. प्रभूच्या दिवसाचा मान राखावा आणि जमल्यास त्या दिवशी विसावा घ्यावा, असा तिचा एकोणतिसावा नियम आहे. नियम करावा लागला यावरूनच कळते की शनिवार पाळणारे ख्रिस्ती तेव्हा भरपूर होते. पाचव्या शतकातला इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ नव्हे, कॉन्स्टँटिनोपलचा चर्च-इतिहासकार) लिहितो की जगातल्या जवळजवळ सगळ्या मंडळ्या दर शब्बाथालाही प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) साजरे करतात, फक्त अलेक्झांड्रिया आणि रोममध्ये ते बंद झाले आहे. कॉन्स्टंटाइनने एका फटक्यात शनिवारचा रविवार केला, हे जे सांगितले जाते ते म्हणून पटत नाही. रविवारची सभा त्याच्या कितीतरी आधीची, आणि शनिवारचा मान त्याच्यानंतरही टिकलेला.

तो सर्वांत जास्त टिकला इथिओपियात, आणि ही कहाणी गोव्यापर्यंत येऊन पोचते. चौदाव्या शतकात एवोस्तातेवोस नावाच्या इथिओपियन साधूने शनिवार आणि रविवार दोन्ही शब्बाथ पाळावेत असा आग्रह धरला. त्या चर्चचा प्रमुख बिशप इजिप्तहून, अलेक्झांड्रियाच्या परंपरेतून येत असे. तिथे हे मान्य नव्हते. एवोस्तातेवोसला देश सोडावा लागला आणि १३५२ मध्ये तो दूर आर्मेनियात मरण पावला. त्याच्या अनुयायांना चर्चमधून, राजदरबारातून बाहेर काढले गेले. त्यांनी मठ बांधले, शंभर वर्षे हट्ट सोडला नाही, आणि १४५० च्या सुमारास सम्राट झरा याकोबने दाब्रा मितमाकच्या परिषदेत दोन्ही दिवस अधिकृत केले. त्यांच्या धार्मिक भाषेत रविवारचे नावच 'ख्रिस्ती शब्बाथ' झाले.

पुढच्या शतकात पोर्तुगीज आले. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टतेचा तपास करणारे चर्चचे न्यायालय, सुरू झाले. यहूदी धर्म सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या 'नव-ख्रिस्ती' घरांवर त्याची विशेष नजर होती, आणि घरात शनिवार पाळला जातो, त्या दिवशी धुतलेले कपडे घातले जातात, या गोष्टी संशयाला पुरेशा होत्या. भारतीय औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा वैद्य गार्सिया द ओर्टा याच समाजातला. १५६९ मध्ये त्याची बहीण कातारिना गोव्यात जाळली गेली, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे कबरीतून उकरून जाळली. ज्या येशूने शब्बाथ माणसासाठी आहे असे सांगितले त्याच्या नावाने हे झाले, हे लिहिताना एक ख्रिस्ती म्हणून मान खाली जाते.

याच गोव्यातून जेझुइट या कॅथलिक संघाचे मिशनरी इथिओपियाला गेले. पेद्रो पाएझ १६०३ मध्ये तिथे पोचला. पहिल्या प्रयत्नात तो येमेनमध्ये सात वर्षे कैदेत पडला होता, तरी पुन्हा निघाला. माणूस विद्वान आणि सौम्य होता. त्याच्या प्रभावाने सम्राट सुसेन्योस कॅथलिक झाला आणि त्याने शनिवार पाळण्यावर बंदी घातली. त्यावरून बंडे झाली. नंतर आलेला धर्मप्रमुख आफोन्सो मेंदेस पाएझसारखा सबुरीचा नव्हता. त्याने विधी, उपवास, सगळेच बदलायला घेतले. रक्तपाताला कंटाळून १६३२ मध्ये सुसेन्योसने जुना धर्म परत आणला आणि गादी मुलाला, फासिलिदेसला दिली. जेझुइटांना देशाबाहेर काढले गेले. मेंदेस गोव्याला परतला आणि १६५६ मध्ये तिथेच वारला. इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्च शनिवार आणि रविवार या दोन्ही दिवसांचा मान आजही राखते.

युरोपात धर्मसुधारणेच्या काळी प्रश्न पुन्हा उघडला. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरच्या बाजूच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीत (श्रद्धेच्या जाहीरनाम्यात) स्वच्छ म्हटले आहे की शब्बाथाऐवजी रविवार पाळणे तारणासारखे आवश्यक म्हणून चर्चने ठरवले असे मानणारे चुकतात. लोकांना केव्हा जमायचे ते कळावे म्हणून एक दिवस नेमला, इतकेच. माझ्या मते या वादातले हे सर्वांत समंजस वाक्य आहे.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये मात्र वारे उलटे फिरले. प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीचे इंग्लिश प्रॉटेस्टंट, म्हणाले की चौथी आज्ञा (कॅथलिक मोजणीत ती तिसरी) आजही जशीच्या तशी लागू आहे, फक्त दिवस शनिवारचा रविवार झाला. १६१८ मध्ये राजा पहिल्या जेम्सने उपासनेनंतर नाच, तिरंदाजी, उड्या मारण्याचे खेळ खेळायला हरकत नाही असे जाहीर केले. १६४३ मध्ये पार्लमेंटने ते पत्रक जाहीरपणे जाळले. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकबुलीने १६४६ मध्ये रविवारला थेट 'ख्रिस्ती शब्बाथ' ठरवले आणि त्या दिवशी व्यवसाय, करमणूक, त्यांची चर्चाही वर्ज्य केली.

आमच्या शब्बाथ शाळेचे उत्तर इथे आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले आणि पुढे अहमदनगरला स्थिरावलेले अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांच्या वारसांचे होते. बाणकोट-हर्णैच्या किनाऱ्यावर आणि मुंबईत काम करणारे स्कॉटिश मिशनरी वेस्टमिन्स्टरची कबुली मानणारे. त्यांनी मराठीत रविवारला शब्बाथ म्हटले आणि तो शब्द आमच्या तोंडी बसला.

प्युरिटन युक्तिवादात एक फट होती. आज्ञा जशीच्या तशी लागू आहे तर दिवस कुणी बदलला? 'सातवा' म्हणजे सातवाच, असे म्हणणारे सेव्हन्थ-डे बाप्टिस्ट इंग्लंडात त्याच शतकात उभे राहिले. १६७१ मध्ये अमेरिकेत न्यूपोर्टला त्यांची मंडळी स्थापन झाली. त्यांच्यापैकीच रेचेल ओक्स या बाईने १८४४ च्या सुमारास न्यू हॅम्पशायरमधल्या, ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहणाऱ्या ॲडव्हेंटिस्ट गटाला शनिवारकडे वळवले, आणि १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च औपचारिकपणे उभे राहिले. पुण्यातले स्पायसर कॉलेज त्याच चर्चचे. ही मंडळी यहूदी नियमांकडे परत गेली, असा आरोप आमच्याकडे सर्रास होतो; तो अन्यायाचा आहे. प्युरिटनांचाच तर्क त्यांनी शेवटपर्यंत नेला.

मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला तो यांपैकी कुठल्याच मार्गाने नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, ही आठवणही त्या मागणीशी जोडून सांगितली जाते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी सुटी मान्य केली. दास, दासी, बैल आणि परका यांची नावे घेणारी अनुवादातली आज्ञा मला इथे जास्त स्पष्ट ऐकू येते.

जमण्याचा धागा आज आखातात पाहायला मिळतो. तिथे गेलेल्या गोव्याच्या, वसईच्या, मंगळूरच्या हजारो ख्रिस्ती लोकांना वर्षानुवर्षे रविवारी कामावर जावे लागले, कारण सुटी शुक्रवारची. मग चर्चनी शुक्रवारीच रविवारचा मिस्सा ठेवला, आणि एकाच आवारात कोंकणी, मल्याळम, तमिळ, इंग्रजी उपासनांच्या पाळ्या लागल्या. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२ पासून सरकारी सुटी शनिवार-रविवारी आली. कुवेतमध्ये सुटी अजूनही शुक्रवार-शनिवारची, रविवार हा कामाचा दिवस, आणि तिथला माझा भाचा दर शुक्रवारी सकाळी चर्चला जातो.