पत्रिकेला माझे मेसेज कशाला वाचायचेत?

गेल्या लग्नसराईत आत्याच्या फोनवर एक लग्नपत्रिका आली. नातेवाइकांच्या ग्रुपवर, ओळखीच्याच नंबरावरून. फाईलच्या नावात ‘लग्नपत्रिका’, पुढे टिंब आणि एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाईल. आत्याने ती दाबली. फोनने बजावलं की हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय, फोनला आणि तुमच्या माहितीला धोका होऊ शकतो, तरी परवानगी द्यायची का? तिने दिली. ॲप बसलं आणि बसल्या बसल्या त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली. तिथे मात्र आत्याचं बोट थांबलं. तिने मला फोन केला.

“अगं, पत्रिकेला माझे मेसेज कशाला वाचायचेत?”

बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो, म्हणून. ‘हो’ म्हटलं असतं तर आलेला प्रत्येक ओटीपी तिच्या नकळत दुसऱ्या कुणाकडे गेला असता. मी तिला आधी विमान मोड लावायला सांगितलं, मग ते ॲप काढून टाकायला. सगळं झाल्यावर विचारलं, “आत्या, त्याच्या आधीची सूचना वाचली होतीस का?”

“तसलं काहीतरी रोजच येतं गं.”

हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. आत्या बँकेची पासबुकं ओळ न् ओळ तपासणारी बाई. ती निष्काळजी नाही. मग पहिल्या सूचनेला तिचं बोट का थांबलं नाही आणि दुसऱ्या प्रश्नाला का थांबलं?

आधी हे पाहू, की इशारा देणाऱ्या यंत्राला त्या फाईलबद्दल ठाऊक तरी काय असतं. विंडोजचं उदाहरण घेते, कारण तिथे ते डोळ्यांनी बघता येतं. ब्राउझरमधून फाईल उतरवली की ब्राउझर तिला एक छोटी चिठ्ठी जोडतो. 2004 साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ही पद्धत आहे. चिठ्ठी फाईलच्या आत नसते. फाईलच्या नावाला टांगलेल्या एका वेगळ्या, न दिसणाऱ्या कप्प्यात असते. नोटपॅडमध्ये उघडली तर दोनचार ओळी दिसतात आणि त्यांतली कळीची ओळ म्हणजे ‘झोनआयडी = 3’. शून्य म्हणजे हाच संगणक, 1 म्हणजे ऑफिसचं नेटवर्क, 2 विश्वासातल्या साइट, 3 म्हणजे इंटरनेट आणि 4 म्हणजे मज्जाव केलेल्या जागा. पुष्कळदा खाली फाईल कुठल्या पत्त्यावरून आली तेही लिहिलेलं असतं. ॲपलच्या मॅक संगणकांवरही 2007 पासून अशीच खूण लागते आणि तिचं नावच ‘क्वारंटाइन’ आहे.

म्हणजे ‘ही फाईल इंटरनेटवरून आली आहे’ हा इशारा देताना संगणकाने फाईल उघडून आत काय आहे ते पाहिलेलंच असतं असं नाही. त्याने 3 हा आकडा पाहिलेला असतो. आणि हा आकडा फार नाजूक आहे. तीच फाईल एफएटी किंवा एक्सएफएटी या साठवणीच्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर टाका, तिथे तो न दिसणारा कप्पाच नसल्यामुळे चिठ्ठी गळून पडते. सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर आणलेली फाईल घरच्या संगणकावर मुकाट्याने उघडते ती यामुळे. फाईल होती तीच असते, फक्त ती कुठून आली हे सांगणारं कुणी उरत नाही.

चिठ्ठीनंतर पाहिली जाते सही. कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, तयार करणारा आपल्या फाईलचं गणिताने एक सार काढतो, 256 बिटांचं, म्हणजे 256 शून्य-एकांचं. मूळ फाईलमध्ये एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला तरी हे सार ओळखू न येण्याइतकं बदलतं. त्या सारावर तो स्वतःजवळच्या गुप्त किल्लीने सही करतो आणि ही किल्ली याचीच, असा दाखला एखादी प्रमाणपत्र देणारी संस्था देते. तुमचा संगणक सार पुन्हा काढतो, सहीशी ताडून पाहतो. जुळलं तर दोन गोष्टी कळतात: दाखल्यात ज्याचं नाव आहे त्याच्याच किल्लीने सही झालीय आणि सहीनंतर फाईलला कुणी हात लावलेला नाही. त्या माणसाच्या मनात काय आहे, हे सहीला कळत नाही.

2012 साली विंडोज 8 आलं तेव्हा यात पतही मोजायला सुरुवात झाली. हीच फाईल, याच सहीची, आधी किती जणांनी उतरवली? खूप जणांनी, काही तक्रार न येता उतरवली असेल तर वाट मोकळी. पत नसेल तर निळी चौकट येते, ठळक बटण फक्त ‘चालवू नका’चं, आणि ‘तरीही चालवा’ हे ‘अधिक माहिती’च्या मागे लपलेलं.

इथे माझा जीव तुटतो. मराठी टंकलेखनाचा कळफलक, जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारं साधन, शाळेच्या निकालपत्रकाचा छोटा कार्यक्रम, असली कामं एखादा शिक्षक किंवा निवृत्त अभियंता रात्री जागून करतो आणि फुकट देतो. सहीचं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं आणि त्याची मुदतही संपते. ॲपलकडे विकसक म्हणून नोंदणी ठेवायला वर्षाला 99 डॉलर लागतात, आणि मॅकच्या 2019 मधल्या कॅटलिना या आवृत्तीपासून ॲपलकडून तपासून न घेतलेला कार्यक्रम मॅक सहजी उघडू देत नाही. फुकट वाटणाऱ्याने हे पैसे कुठून आणायचे? मग त्याच्या कळफलकावर येते तीच निळी चौकट आणि चोराच्या फाईलवरही तीच. आपण कळफलक हवा म्हणून ‘तरीही चालवा’ दाबतो. काही बिघडत नाही. पुढच्या वेळी बोट आणखी लवकर तिथे जातं. ‘लांडगा आला रे आला’मधल्या पोराने निदान खोड म्हणून हाका मारल्या होत्या, इथे यंत्र प्रामाणिकपणे ‘मी याला ओळखत नाही’ म्हणतंय आणि आपल्याला ऐकू येतो लांडगा.

त्या सवयीचं पुढे काय होतं, ते अमेरिकेतल्या ब्रिगहम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी थेट मेंदूत पाहिलं. लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून सुरक्षेच्या सूचना पुन्हा पुन्हा दाखवल्या. 2015 साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की एकच सूचना दुसऱ्यांदा दिसली तेव्हाच मेंदूतल्या दृश्य समजून घेणाऱ्या भागांची हालचाल एकदम खाली आली. दुसऱ्यांदाच! रेल्वे रुळाजवळ राहणाऱ्याला रात्रीची गाडी ऐकू येईनाशी होते, तसं. डोळे अक्षरांवरून फिरतात, पण मेंदू जुनीच प्रत काढून समोर ठेवतो. हा आळस नव्हे, मेंदूची काटकसर आहे. सूचनेचा रंग, आकार, मांडणी दर वेळी बदलली तर हा उतार मंदावतो, असंही त्यांना दिसलं.

म्हणून ‘लोक वाचतच नाहीत’ असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. बर्कली विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी 2013 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरमधल्या अडीच कोटींहून जास्त इशाऱ्यांचा हिशेब मांडला. ‘या साइटवर घातक सॉफ्टवेअर आहे’ किंवा ‘ही साइट फसवी आहे’ असं सांगितल्यावर पुढे जाणारे पावाहूनही कमी निघाले. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राबद्दलचा इशारा मात्र फायरफॉक्समध्ये एक तृतीयांश वेळा ओलांडला गेला आणि क्रोममध्ये तब्बल 70 टक्के वेळा. विषय एकच, इशारे दोन तऱ्हांनी मांडलेले, आणि फरक दुपटीहून मोठा. सारा दोष वाचणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

आणि कधी कधी इशारा येतच नाही. 2017 साली संगणक साफ करणाऱ्या सीक्लीनरची 5.33 ही आवृत्ती जवळजवळ महिनाभर त्याच्या अधिकृत ठिकाणीच विषारी होऊन पडली होती. घुसखोरांनी ती बांधणाऱ्या यंत्रणेतच शिरकाव केल्यामुळे कंपनीची खरी सही तिच्यावर झालेली होती. सुमारे 22.7 लाख संगणकांवर ती पोहोचली. त्याआधी 2010 मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या घातक सॉफ्टवेअरने तर तैवानच्या दोन कंपन्यांच्या सहीच्या किल्ल्या वापरल्या होत्या. सही अस्सल, हात चोराचा.

अँड्रॉइडची रीत आणखी वेगळी. एपीकेवर सही लागतेच, पण ती करणारा स्वतःच स्वतःचा दाखला देऊ शकतो. सहीबाबत फोन एवढंच बघतो, की आधी बसलेल्या ॲपची नवी आवृत्ती त्याच किल्लीची आहे ना. त्यामुळे तुमच्या बँकेच्या खऱ्या ॲपवर दुसऱ्याचं खोटं ॲप ‘अपडेट’ म्हणून चढू शकत नाही. ‘लग्नपत्रिका’ नावाचं नवंकोरं ॲप मात्र सहीच्या परीक्षेत अडत नाही, कारण ताडून पाहायला मागची सहीच नसते.

चिठ्ठी, सही, पत यांतलं काहीच आत्याला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं ते पत्रिकेचं काम. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. ती बघायची असते, फोनवर बसवायची नसते आणि ती कुणाचे मेसेज वाचत नाही. कुठल्याही इशाऱ्यात न लिहिलेला हा प्रश्न तिने स्वतः काढला. मीही आता फाईल उघडण्याआधी स्वतःला विचारते, की हिला शोधत मी गेले होते की ती आपणहून माझ्याकडे आली?

त्या दुपारी एक काम राहिलं होतं. 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून अनोळखी ॲप बसवायची परवानगी एकेका ॲपला वेगवेगळी दिलेली असते. आत्याने ती चॅटच्या ॲपला दिली होती आणि ती अजून चालूच होती. सेटिंगमध्ये जाऊन आम्ही ती बंद केली. मग आत्याने पत्रिका पाठवणाऱ्या भाच्याला फोन लावला. त्याला पत्ताच नव्हता, त्याचा फोन आदल्या रात्रीपासून सगळ्यांना तीच फाईल पाठवत होता. ग्रुपमधल्या आणखी दोघांनी ती उघडली होती. त्यांतल्या एकाच्या खात्यातून पैसे गेले होते, आणि आत्या त्याला म्हणाली, “रडू नकोस, आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 लाव, मग बँकेला फोन कर. मी लाइनवर आहे.”