क्रिप्टोच्या नावाखाली पैसे गेले: तक्रार कुठे, कशी आणि कोणत्या कागदांवर

अ‍ॅपवर लाखांचा नफा दिसतोय, पण काढायला गेलं की ‘आधी वीस टक्के टॅक्स भरा’ असा मेसेज येतो. इथपर्यंत आला असाल तर पुढचा एकही रुपया पाठवू नका. कर आयकर खात्याकडे भरायचा असतो, टेलिग्रामवरच्या ‘मॅनेजर’ने दिलेल्या वॉलेटवर नाही. त्या माणसाला जाबही विचारू नका. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्हीकडचे मेसेज पुसू शकतो. भांडण सुरू झालं की तो पहिलं तेच करतो.

तक्रारीआधी एक गोष्ट कागदावर मांडून घ्यायची: पैसा नेमका कोणत्या वाटेने गेला? पुढचं बहुतेक सगळं याच्या उत्तरावर ठरतं.

तीन वाटा

पहिली वाट म्हणजे तुम्ही यूपीआय, आयएमपीएस किंवा आरटीजीएसने ‘कंपनी’च्या म्हणून दिलेल्या बँक खात्यात पैसे भरले आणि अ‍ॅपवर फक्त आकडे दिसले. क्रिप्टो इथे नावापुरतीच असते. खातं कोणीतरी भाड्याने दिलेलं असतं. १९३० ही हेल्पलाइन अशा प्रकारात सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

दुसऱ्या वाटेत तुम्ही भारतीय एक्स्चेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचावर) यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो चलन) विकत घेतलं आणि तिथून ठगाने दिलेल्या वॉलेटच्या पत्त्यावर पाठवलं. बँकेचा व्यवहार इथे सरळच आहे, फसवणूक झाली ती त्यानंतरच्या पाठवणीत.

तिसरी वाट पी-टू-पीची, म्हणजे एका माणसाने दुसऱ्याकडून थेट खरेदी करण्याची, आणि सर्वाधिक गोंधळ हिच्यातच होतो. एक्स्चेंजच्या पी-टू-पी बाजारात एका विक्रेत्याच्या खात्यात तुम्ही रुपये भरले, त्याने ठरलेलं यूएसडीटी दिलं आणि मग तुम्ही ते ठगाच्या पत्त्यावर पाठवलं. घाबरलेला माणूस १९३०वर त्या विक्रेत्याचाच व्यवहार ‘फसवणूक’ म्हणून सांगतो. विक्रेत्याचं खातं गोठतं, तो माल दिल्याची नोंद दाखवतो, तपास चुकीच्या माणसामागे फिरतो आणि ठगाचा पत्ता तक्रारीत येतच नाही. विक्रेता एक्स्चेंजच्या बाजारात तुम्ही स्वतः निवडला होता की ‘याच्याकडूनच घ्या’ म्हणून ठगाने गाठ घालून दिली होती, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. गाठ घालून दिली असेल तर तो टोळीतलाच असण्याची शक्यता बरीच असते आणि त्याचं खातं तक्रारीत हवंच.

पहिला फोन: १९३०

हा क्रमांक चोवीस तास चालतो. त्यामागे केंद्रीय गृहखात्याच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राची यंत्रणा आहे आणि बँका तिला जोडलेल्या आहेत. तक्रार नोंदली की ती पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेकडे जाते. तिथे शिल्लक असेल तेवढी रक्कम होल्डवर ठेवली जाते. पुढच्या खात्यात सरकली असेल तर तक्रारही तिच्या मागे सरकते. ठगांची माणसं ही रक्कम चार-पाच खात्यांत फोडून एटीएममधून काढतात किंवा तिचं यूएसडीटी घेतात. त्यामुळे इथे तास मोजायचे असतात. महिना उलटला असेल तरी तक्रार कराच, फक्त होल्डवर काही सापडेल ही अपेक्षा कमी ठेवा.

फोनवर स्वतःचा खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख-वेळ, रक्कम, समोरचा खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी आणि यूटीआर (बँकेने व्यवहाराला दिलेला क्रमांक) विचारतात. यूपीआय आणि आयएमपीएसचा यूटीआर १२ अंकी असतो, एनईएफटीचा १६ आणि आरटीजीएसचा २२ अक्षर-अंकांचा. अ‍ॅपवरचा ‘ऑर्डर आयडी’ म्हणजे यूटीआर नव्हे. बँकेच्या स्टेटमेंटमधलाच क्रमांक द्या.

त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन इथे, तक्रार पूर्ण करायची. घटनेचं वर्णन किमान २०० अक्षरांचं लागतं आणि त्यात विशेष चिन्हं चालत नाहीत. लोक इथेच अडकतात, कारण ईमेल आणि टेलिग्रामच्या नावातलं ‘अ‍ॅट’चं चिन्ह आलं की मजकूर नाकारला जातो. त्याजागी ‘अ‍ॅट’ असं अक्षरांत लिहा आणि मूळ नाव पुराव्याच्या फाइलीत ठेवा. ओळखपत्राचा फोटो ५ एमबीपर्यंत आणि पुराव्याची प्रत्येक फाइल १० एमबीपर्यंत चालते. बँकेची ई-स्टेटमेंट पासवर्डसह येते. ती तशीच चढवली तर समोरच्या अधिकाऱ्याला उघडत नाही, म्हणून आधी उघडून पासवर्डशिवायची पीडीएफ करून घ्या. शेवटी मिळणारा पोचक्रमांक पुढे प्रत्येक अर्जावर लागतो.

सुरुवातीला विश्वास बसावा म्हणून ठग दोन-पाच हजारांचा ‘नफा’ खरोखर खात्यात टाकतात. तो बहुधा दुसऱ्या फसलेल्या माणसाचा पैसा असतो. त्याने तक्रार केली की होल्ड तुमच्या खात्यावर येतो. अशा जमा रकमा लपवू नका, तारखेसह लिहून टाका.

पोर्टलची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे

हा गैरसमज फार महागात पडतो. पोचक्रमांक मिळाला की लोक वाट बघत बसतात. होल्डवरची रक्कम कोर्टातून सोडवायची असो, परदेशी एक्स्चेंजकडून माहिती मागवायची असो, त्यासाठी बहुधा नोंदलेला गुन्हा लागतो.

एफआयआर सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्द दुसरी असेल तर शून्य क्रमांकाने नोंदवून ती वर्ग करायची, ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. त्याच कलमानुसार माहिती ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. आयटी कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांची वेळ घेऊन गेलेलं बरं.

कलमं साधारण अशी लागतात: भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) म्हणजे फसवणूक, ३१९(२) म्हणजे तोतयेगिरी करून फसवणूक आणि आयटी कायद्याचं ६६-ड. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर जुन्या दंड संहितेचं ४२०. ३१८(४)ला सात वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने तक्रारीला मुदतीची आडकाठी येत नाही. ‘दोन वर्षं झाली, आता काय’ असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

ठरावीक परताव्याचं आमिष दाखवून अनेकांकडून ठेवी गोळा केल्या असतील तर महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा एमपीआयडी कायदा, १९९९ आणि केंद्राचा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, २०१९ लावण्याची मागणी लेखी करा. एमपीआयडीत ठगाची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना वाटता येते, हा त्याचा खरा फायदा. अशी प्रकरणं आर्थिक गुन्हे शाखेकडे जातात, तेव्हा पाच-पन्नास गुंतवणूकदारांनी एकत्र जाणं शहाणपणाचं. वेळ मात्र लागतो. महिना दहा टक्के परतावा अठरा महिने, असं आमिष दाखवणाऱ्या गेनबिटकॉइनचे गुन्हे पुण्यात २०१८ मध्ये नोंदले गेले, आणि देशभरातले गुन्हे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेले ते २०२३च्या डिसेंबरात. तुम्ही स्वतः इतरांना जोडून कमिशन घेतलं असेल तर आधी वकील गाठा. अशा योजनांत एजंट आरोपीही होतो.

ठाण्यात नकार मिळाला तर तक्रारीचा सारांश पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. तरीही काही हाललं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. गुन्हा नोंदल्यावर ९० दिवसांत तपासाची प्रगती तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

‘क्रिप्टो घेतली म्हणून माझ्यावरच कारवाई होईल’ या भीतीने कितीतरी जण गप्प बसतात. खरेदी हा गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१८चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे. तो थकवला असेल तर सीएशी बोला, त्यापायी तक्रार अडवून ठेवू नका.

कोण तक्रार करू शकतो, काय न्यायचं

ज्याच्या खात्यातून पैसे गेले तो. मुलाने वडिलांच्या खात्यातून पाठवले असतील तर दोघांनी जावं, कारण बँक माहिती खातेदारालाच देते. परदेशी राहणाऱ्यांना भारतातल्या खात्यातून गेलेल्या पैशांसाठी पोर्टलवर तक्रार करता येते. अमेरिकेतल्या खात्यातून गेले असतील तर तिथल्या एफबीआयच्या आयसी-थ्री पोर्टलवर वेगळी नोंद करावी.

आधार, पॅन, बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट, एक्स्चेंजवरून उतरवलेला पूर्ण व्यवहार अहवाल, चॅटची एक्स्पोर्ट केलेली फाइल, संकेतस्थळाचा पत्ता दिसेल असे स्क्रीनशॉट, अ‍ॅपची मूळ फाइल आणि ठगाचे नंबर, एवढं न्या. टेलिग्रामवर नाव रोज बदलता येतं, अंकी युजर आयडी टिकतो, तो मिळवा. फोन फॉरमॅट करू नका, अ‍ॅप काढू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (फाइलीच्या डिजिटल ठशासह) द्यावं लागतं आणि त्यासाठी मूळ उपकरण हाताशी हवं.

यापेक्षाही मोलाचा एकपानी तक्ता. एक ओळ नमुन्यादाखल:

क्र. ४ । ५ मार्च, दु. २.१० । ९४० यूएसडीटी । माझं एक्स्चेंज खातं → ठगाचा पत्ता (ट्रॉन) । व्यवहार हॅश । ‘मॅनेजर’च्या सांगण्यावरून, चॅट पान १७ । त्यासाठी भरलेले रुपये: ८५,०००, पाहा क्र. ३.

रुपयाची ओळ आणि क्रिप्टोची ओळ अशी जोडलेली असली की तपास अधिकाऱ्याचे निम्मे प्रश्न सुटतात. ट्रॉन या क्रिप्टो नेटवर्कवरचा पत्ता ‘टी’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो. व्यवहाराचा हॅश, म्हणजे ब्लॉकचेनवरचा (क्रिप्टोच्या सार्वजनिक नोंदवहीतला) त्याचा ओळख क्रमांक, ६४ अक्षरांचा. दोन्ही हाताने लिहू नका, एक अक्षर चुकलं की पत्ता निरुपयोगी. कॉपी करून मजकूर स्वरूपात पेन ड्राइव्हमध्ये द्या, नुसता स्क्रीनशॉट देऊ नका.

क्रिप्टोचा माग

ट्रॉनस्कॅनसारख्या एक्स्प्लोररवर (व्यवहार शोधायच्या खुल्या संकेतस्थळावर) हॅश टाकला की यूएसडीटी पुढे कुठे गेलं ते कोणालाही दिसतं. शेवट एखाद्या मोठ्या एक्स्चेंजच्या जमा पत्त्यावर होत असेल तर तिथे केवायसी असलेला माणूस सापडू शकतो. मात्र ती माहिती एक्स्चेंज तुम्हाला देत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची पोलिसांची नोटीस लागते. तरी त्यांच्या सपोर्टला हॅशसह लिहा. ‘पोलिसांनी या ठिकाणी संपर्क साधावा’ असं उत्तर येईल, ते छापून तपास अधिकाऱ्याला द्या, त्याचा वेळ वाचतो. यूएसडीटी काढणारी टिथर कंपनी तपास यंत्रणेच्या विनंतीवर एखाद्या पत्त्यावरचं यूएसडीटी गोठवू शकते, म्हणून पत्त्यावर अजून शिल्लक दिसत असेल तर अर्जात ठळक लिहा.

याच टप्प्यावर ‘रिकव्हरी एजंट’ येतात. कधी वकील, कधी ‘एथिकल हॅकर’, कधी सीबीआयचं बनावट पत्र घेऊन. तुमचा नंबर बहुधा पहिल्या ठगानेच विकलेला असतो. ब्लॉकचेनवर झालेला व्यवहार कोणताही हॅकर उलटवू शकत नाही. वॉलेट उघडणारे १२ किंवा २४ गुप्त शब्द कोणालाही सांगू नका, पोलिसांनाही ते लागत नाहीत.

बँक, ग्राहक आयोग आणि इतर दारं

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने आणलेलं संरक्षण तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे. ओटीपी किंवा पिन टाकून पैसे स्वतःच पाठवले असतील तर ते बहुधा लागू होत नाही. बँकेने तक्रार मिळूनही हालचाल केली नाही, असं असेल तर ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. भारतीय एक्स्चेंजच्या सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोग आहे, मुदत दोन वर्षं. सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर वेळ घालवू नका, क्रिप्टो तिथे बसत नाही.

होल्डवरची रक्कम परत मिळवताना

तपास अधिकाऱ्याकडून कोणत्या खात्यात किती रक्कम होल्ड आहे याची यादी घ्या. मग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली (पूर्वीचं ४५७) न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. सोबत एफआयआर, पोचक्रमांक, स्टेटमेंट, ओळखपत्र. कोर्ट पोलिसांचा से (लेखी म्हणणं) मागवतं आणि दुसरा दावेदार आला तर रक्कम परत करीन असं बंधपत्र लिहून घेतं. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो.

अर्ज अडतो तो दोन कारणांनी. एकाच खात्यात अनेकांचे पैसे असतात आणि होल्ड असते थोडीच रक्कम. किंवा आदेशात नुसतं ‘रक्कम परत करावी’ एवढंच असतं आणि बँक तो परत पाठवते. म्हणून अर्जाच्या प्रार्थनेतच (मागणीच्या भागातच) बँकेचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, नेमकी रक्कम आणि पैसे जमा करायचं तुमचं खातं लिहा, म्हणजे आदेशातही तेच उतरतं. आदेशाच्या दोन-तीन साक्षांकित नकला काढा. एक बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला द्या, एक तपास अधिकाऱ्याला, आणि बँकेच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.