मेंदूपेशींची संवर्धनातील इजा

मेंदूतून सुट्या करून बशीत वाढवलेल्या पेशींना मुद्दाम इजा करायची आणि पुढे त्या काय करतात ते पाहायचे, अशी ही प्रयोगपद्धती. डोक्याला मार बसला की रक्तस्राव, सूज आणि पेशींचा मृत्यू यांची एकच गर्दी होते. त्यात कोणत्या पेशीने काय केले हे वेगळे काढता येत नाही. बशीत ते जमते. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ रॉस हॅरिसन यांनी १९०७ साली बेडकाच्या गर्भातील ऊती लसीकेच्या थेंबात ठेवून त्यातून चेतातंतू वाढताना पाहिला, तेव्हा या कामाचा पाया घातला गेला.

सर्वांत साधी इजा म्हणजे ओरखडा. उंदराच्या पिल्लाच्या मेंदूतील, चेतापेशींना आधार देणाऱ्या तारकापेशी (अ‍ॅस्ट्रोसाइट) बशीच्या तळावर सलग थर धरतात. त्यावरून पिपेटचे टोक एकदा ओढले की मधली पट्टी खरवडून निघते. फुटलेल्या पेशींतून एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू सांडतो आणि काठावरून आत कॅल्शियमची लाट शेजारणीकडून शेजारणीकडे सरकत जाते. कॅल्शियममुळे उजळणारा रंग आधी घातलेला असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली ती डोळ्यांदेखत पुढे जाताना दिसते. काही तासांत काठावरच्या पेशी मोकळ्या पट्टीकडे लांबलचक हात काढतात. सीडीसी४२ हे प्रथिन निकामी केले तर त्यांना दिशाच उमगत नाही.

चेतापेशीचा अक्षतंतू, म्हणजे संदेश पुढे नेणारा लांब धागा, कापला की तुटल्या तोंडातून कॅल्शियम आत घुसते. तोंड बुजायला ते लागतेच. पण फार झाले तर पेशीचा सांगाडा कुरतडणारी विकरे त्यानेच जागी होतात. पेशीला जोडलेला भाग सावरला तर त्याला पुन्हा पंजासारखे पसरट, वाढते टोक फुटते. तुटून पडलेला भाग काही तास धडधाकट दिसतो, मग त्यावर मण्यांसारखे फुगे येतात आणि साधारण दिवसभरात त्याचे तुकडे होतात. ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या कापलेल्या चेतांमधला हा ऱ्हास १८५० मध्येच नोंदवला होता. मूळ पेशीकडून पोषण तुटल्याने तो होतो, असे दीर्घकाळ मानले गेले. खरे तर ती तंतूच्या आतच दडलेली यंत्रणा आहे. सार्म१ हे प्रथिन एनएडी हा अत्यावश्यक रेणू संपवून टाकते. ते नसेल तर कापलेला तुकडा कित्येक दिवस टिकतो, हे २०१२ मध्ये दिसून आले. या क्षेत्रातला हा सर्वांत मोलाचा धडा म्हणावा लागेल.

बशीतले सावरणे पाहून हुरळून जाऊ नये. त्यातल्या चेतापेशी बहुधा गर्भातून घेतलेल्या असतात, आणि कोवळ्या पेशींची वाढण्याची ताकद प्रौढ मेंदूत उरत नाही.

शिवाय अपघातात अक्षतंतू जागीच तुटण्यापेक्षा ताणले जातात जास्त. म्हणून पेशी लवचिक सिलिकॉन पटलावर वाढवून हवेच्या दाबाने ते पटल क्षणभर फुगवतात. ताण सुटताच तंतू नागमोडी होतात आणि हळूहळू सरळ होतात. काही मात्र त्यानंतरही जागोजाग फुगतात आणि उशिरा तुटतात.