कॅप्टन स्टँडिश यांची 'फसलेली मागणी'

1620 मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेत आलेल्या इंग्रजांच्या प्लिमथ वसाहतीचे लष्करी प्रमुख माइल्स स्टँडिश यांनी प्रिसिला मलिन्सला मागणी घालण्यासाठी जॉन आल्डनला पाठवले आणि तिने त्या दूतालाच वरले, ही गोष्ट आजही त्यांचे वंशज खरी मानून सांगतात. या गोष्टीला समकालीन कागदपत्रांत आधार नाही. ती 1814 मध्ये आल्डन घराण्यातल्याच एका वंशजाने छापली आणि 1858 मध्ये त्याच घराण्यातले कवी लाँगफेलो यांच्या दीर्घकाव्याने ती घरोघरी पोहोचली.

नोंदी निराळेच सांगतात. स्टँडिश यांची पत्नी रोझ पहिल्याच हिवाळ्यात वारली. त्याच हिवाळ्यातल्या साथीत ते स्वतः आजाऱ्यांची शुश्रूषा करत होते, आणि मला तर हे त्या कल्पित प्रेमभंगापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते. पुढे त्यांनी बार्बराशी लग्न केले. त्यांची मुलगी लोरा हिने भरतकाम केलेला कापडाचा लांबट पट्टा प्लिमथच्या संग्रहालयात आहे. त्यावर टाक्यांनी तिचे नाव आणि प्रार्थना लिहिलेली दिसते. 1656 च्या मृत्युपत्रात, आपल्याला शक्यतो लोरा आणि सून मेरी यांच्याजवळ दफन करावे, असे या सैनिकाने लिहून ठेवले. दोन्ही घराण्यांत वैर तर नव्हतेच. उलट स्टँडिश यांचा मुलगा अलेक्झांडर याने जॉन आणि प्रिसिला यांच्याच मुलीशी, साराशी, लग्न केले.